अर्धी दावण

“सर, हे बरं दिसते, का हे?”

शंकरसिंगाने चाचणीच्या जड चौकटीतले एक भिंग काढून त्या जागी दुसरे बसवले, तशी समोरच्या पाटीवरची अक्षरे क्षणभर जागच्या जागी उभी राहिली आणि मग पुन्हा कडांनी पाझरू लागली. वामनराव खानझोड्यांना खरे म्हणजे दोन्ही भिंगांत काही अंतर जाणवले नव्हते. परंतु ‘दोन्ही सारखेच’ असे म्हणणे हा परीक्षकाचा आळस होय, अशी आयुष्यभर मराठी शिकवताना त्यांची धारणा झालेली असल्यामुळे ते पहिले भिंग पुन्हा मागत, मग दुसरे मागत, आणि दत्त चौकातल्या त्या अरुंद दुकानात बाकावर बसलेली गिऱ्हाइके मुकाट्याने खोळंबून राहत. शंकरसिंग त्यांचा जुना विद्यार्थी. त्याला या खोळंब्याचा त्रास वाटत नव्हता. उलट सरांची कसोटी आपल्या दुकानात चालली आहे याचा थोडा अभिमानच वाटत असावा. चौकटीची दांडी त्यांच्या कानामागे नीट बसवता बसवता, एखाद्याने देवाला फूल वाहून आल्याचे सांगावे तशा स्वरात तो म्हणाला, “ऋचाताईच्या खेळाले मी बी तीनच तारे देल्ले, सर. तुमच्याहून जास्ती कसे देनार? ग्रुपवरच्या सगळ्यायनं तीन-तीनच देल्ले.”

वामनरावांना बरे वाटले. या बरे वाटण्याची आठवण पुढे दिवसभर घशात अडकलेल्या काट्यासारखी त्यांना टोचत राहायची होती; पण त्या घटकेला मात्र त्यांना खरोखरच बरे वाटले. आपल्या हाताखालून गेलेली मुले, आता कोणी दुकानदार, कोणी वकील, कोणी महागावच्या बाजारात अडत्या, अजून मापाला धरून आहेत असे त्यांच्या मनात आले. तेवढ्यात गल्ल्याजवळ चष्म्याची घरे पुसत बसलेली शंकरसिंगाची मुलगी दीपमाला मान वर न करताच म्हणाली, “तीन? मंग त गेला तो खेळ कामातून.” शंकरसिंगाने तिला डोळ्यांनी दटावले, पण तिला ते दिसले नाही. ती सांगत राहिली की चारच्या खालचे ती फोनवर उतरवूनसुद्धा पाहत नाही, तिच्या मैत्रिणीही पाहत नाहीत. चांगले असले की लोक पाच देतात, जेमतेम असले की चार, आणि राग आला की एक. “तीन म्हणजे नापास, सर,” तिने समजावले. “तीन देणाऱ्याले म्हणायचं असते, का बाबा, याच्या नादी लागू नका.” तिच्या बोलण्यात कसलाही आकस नव्हता, पाऊस येणार असे सांगावे तितक्याच सहज ती बोलली होती. वामनरावांनी पाटीकडे पाहिले. सगळ्यांत वरचे मोठे अक्षरसुद्धा आता एकाचे दोन झाले होते, आणि त्या दोहोंच्या मधली पांढरी फट हळूहळू रुंदावत होती.

तीन म्हणजे नापास. पाचांपैकी तीन म्हणजे शंभरांपैकी साठ, आणि साठ म्हणजे प्रथम श्रेणी, हे गणित त्यांच्या हाडांत इतके खोल मुरले होते की त्याला दुसरे उत्तर असू शकेल अशी शंकादेखील त्यांना कधी शिवली नव्हती. भाषेच्या विषयाला पैकीच्या पैकी गुण नसतात. ते द्यायचे नसतात, कारण पूर्णत्व माणसाच्या लेखणीत नसते, असे त्यांच्या गुरूंनी त्यांना सांगितले होते आणि त्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितले होते. निवृत्तीनंतर ऋचाने, त्यांच्या एकुलत्या मुलीने, फोनमधले खेळ दाखवून त्यांना या वाटेला लावले तेव्हाही ते हीच मोजपट्टी घेऊन आत शिरले. दर रविवारी जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ते एका खेळाचे परीक्षण लिहीत. लुडोच्या एका खेळातले मराठी कसे भ्रष्ट आहे यावर त्यांनी एकदा लांबलचक टिपण लिहिले होते. पत्त्यांच्या एका जुगारी खेळाला शून्य देता येत नाही म्हणून नाइलाजाने एक तारा देऊन त्या एका ताऱ्याबद्दल वाचकांची क्षमा मागितली होती. मुले हसत, पण वाचत. खेळ शेवटापर्यंत खेळल्याखेरीज मत देऊ नये. इतरांची मते आधी वाचू नयेत. करणाऱ्याचे नाव झाकावे आणि कृती पाहावी. संतापाच्या दिवशी गुण देऊ नयेत. आणि जो गुण कापला त्याचे कारण लिहावे, कारण कारणावाचून कापलेला गुण ही चोरी आहे, असे ते पुन्हा पुन्हा बजावत. आजवर तीनांहून अधिक तारे त्यांनी कोणालाच दिले नव्हते. त्यामुळे सर तीन देतात म्हणजे डोक्यावर घेतात, हे मुलांना ठाऊक होते. मुलांनी ऋचाताईच्या खेळाला डोक्यावर घेतले होते. सगळ्यांनी मिळून, आदराने, एकेक करून, तो पाण्यात बुडवला होता.

“नंबर लिहू ना, सर?” शंकरसिंग विचारत होता. मागाहून येतो, असे काहीसे पुटपुटून वामनराव उठले, चौकट उतरवून त्यांनी त्याच्या हातात दिली आणि दुकानाची पायरी उतरले. स्वतःचा चष्मा गल्ल्यावरच राहिला हे त्यांच्या ध्यानात आले तेव्हा ते लोहाऱ्याकडे निघालेल्या ऑटोत बसलेले होते. समोर बसलेल्या बाईच्या मांडीवरची पिशवी, तिच्यातून डोकावणारी मेथी, रस्त्याच्या कडेचे फलक, सगळेच धुरात बुडाल्यासारखे पुसट होते. परत फिरावे असे त्यांना वाटले नाही. स्पष्ट पाहण्याची आपली लायकी तूर्त उरलेली नाही, असा काहीसा चमत्कारिक विचार त्यांच्या मनात आला आणि तो नाटकी आहे म्हणून त्यांनी तो लगेच खोडून टाकला.

ऋचाने पुण्याची नोकरी सोडली, यवतमाळला परत आली आणि उमरखेडच्या अतुलबरोबर लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक खोली घेऊन खेळ बांधू लागली, तेव्हा घरात जे झाले त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण वामनराव भांडत नसत. ते मुद्दे मांडत. खेळाचे नाव होते ‘जू’. त्यात दोन अनोळखी माणसे, देशाच्या कुठल्याही दोन कोपऱ्यांतली, एकेक बैल होऊन एका जुवाला जुंपली जात. नावे दिसत नसत, बोलता येत नसे. ओढायचे किंवा थांबायचे, एवढ्या दोनच गोष्टी हातात. काळ्या मातीची पांदण, मग चढण, मग नाला, मग नदी. दोघांनी मिळून गाडी पैलतीराला न्यायची. वामनरावांनी तो खेळ अनेकदा उघडला, आणि मग आपल्या सर्व नियमांना स्मरून परीक्षण लिहिले. आरंभीच त्यांनी जाहीर केले की प्रस्तुत खेळाची कर्ती ही परीक्षकाची कन्या आहे. सबब वाचकांनी परीक्षकावर नव्हे तर आपल्या बुद्धीवर विसंबून गुण द्यावेत, आणि नात्याकडे पाहून एकही तारा अधिक देऊ नये. पुढे लिहिले होते की कल्पना अभिनव आहे, मातीचा रंग विलक्षण खरा उतरला आहे. मात्र नदीचा भाग अकारण दुर्घट झाला असून, जोडीला येणारा खेळाडू वारंवार अडून बसतो, हा रचनेचा दोष मानावा लागेल. सबब एक तारा नदीबद्दल वजा. आणि एक तारा, नित्याप्रमाणे, पूर्णत्व मानवी नसते म्हणून. खाली पूर्ण नाव. हे सर्व त्यांनी त्या ताऱ्यांच्या शेजारी, जगाला दिसेल असे छापले होते आणि ग्रुपवरही पाठवले होते. त्यांच्या पत्नी सुनीतीबाईंनी त्याच संध्याकाळी, खेळ न उघडताच, पाच तारे देऊन टाकले. वामनरावांनी त्यांना याचा जाब विचारला होता. माझ्या लेकराचं आहे, मला उघडून काय पाहायचं, असे त्या म्हणाल्या, आणि पापड लाटायला गेल्या. तेव्हा त्यांना बायकोची कीव आली होती. आता ऑटोच्या धक्क्यांबरोबर त्यांच्या मनात प्रश्न उठत होता की न पाहता दिलेले पाच आणि…

त्या वाक्याचा उत्तरार्ध त्यांनी पुरा केला नाही. त्याऐवजी ते आपल्याशी वाद घालू लागले, कारण वादात त्यांना नेहमीच श्वास घ्यायला जागा मिळे. चूक माझी कशी? बरे म्हणजे पाच, अशी ज्या बाजाराची चाल आहे त्या बाजारात पाचाला अर्थ काय उरला? सगळेच उत्तम असेल तर उत्तम कशाला म्हणायचे? माझे माप खरे होते. यावर त्यांच्या आतलाच कोणी थंडपणे म्हणाला, की शेराचे वजन गावागावांत वेगळे असताना ज्याने आपल्या गावचा शेर परगावच्या काट्यावर ठेवला, त्याने मापात पाप केले नसेलही, पण धनी बुडाला तो बुडालाच. आणि शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनात नसतो, ऐकणाऱ्याच्या कानात असतो, हे वर्गात फळ्यावर लिहून कोण देत होते? बंगळुरूची जी कंपनी हा खेळ लोकांपुढे नेणार होती, तिने सरासरी चारच्या पुष्कळ खाली गेल्याचे कारण दाखवून हात काढून घेतला. ते सांगताना ऋचा पानावर बसलेली होती. “लोकांना आवडला नाही, बाबा,” एवढेच ती म्हणाली. वामनरावांनी घास खाली ठेवून, सौम्यपणे, तिला समजावले होते की लोकमताचा निकाल नम्रपणे मानावा, त्यातून कलावंत वाढतो. ती ऐकत राहिली होती. ताऱ्यांच्या शेजारी सगळ्यांत वर कोणाचे नाव छापले आहे हे तिला माहीत होते, आणि ती आमटीत बोट बुडवून ताटाच्या कडेला बैलाच्या शिंगांसारखी काहीतरी आकृती काढत ऐकत राहिली होती. त्यानंतर ती जेवायला घरी आली नव्हती. आज सांजेला लोहाऱ्यातले, खेळ चालवणारे यंत्र बंद व्हायचे होते, आणि उद्या सकाळच्या गाडीने ती हैदराबादला कोणाच्या तरी चाकरीला निघणार होती.

त्या आकृतीवरून त्यांना महागाव आठवले. महागावला सुनीतीबाईंच्या भावाची शेती. एका दिवाळीत सगळे तिथे गेले असता, ऋचा नववीत असेल तेव्हा, ती दिवसभर गोठ्यात उकंडाच्या मागे मागे फिरत होती. उकंडा गुरे पाहणारा गडी. जोडीतला एक बैल थोड्याच दिवसांपूर्वी साप लागून गेला होता. वामनराव ओसरीत काहीतरी वाचत पडले होते. गोठा हाकेच्या अंतरावर होता आणि ते तिकडे फिरकले नाहीत. शाळा सुरू झाल्यावर तिने निबंधात लिहिले, ती त्यांच्याच वर्गात होती, की मेलेल्या बैलाची जागा दुसऱ्याने घेतली नाही. सगळी दावण मोकळी असूनही तो आपल्या अर्ध्यातच उभा राहिला, शेजारची गव्हाण भरलेली असूनही त्याने तिकडे मान वळवली नाही. वामनरावांनी त्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढली होती आणि समासात एकच शब्द लिहिला होता: अतिशयोक्ती. गुण प्रथम श्रेणीचे दिले होते; त्याहून एकही अधिक नाही, कारण मुलगी आपली होती. इतकी वर्षे हा निबंध त्यांना आठवला नव्हता, आणि आता तो तांबडा शब्द त्या पुसट रस्त्यावर एकटाच लख्ख दिसत होता.

बंद पडलेल्या एका डाळ मिलच्या मागे ती खोली होती. दाराशी अतुल तारांची भेंडोळी गुंडाळत बसला होता. वामनरावांना पाहून तो उठला. “या, काका. बसाले खुर्ची नाई राह्यली, त्या खोक्यावर बसा. मजबूत आहे, आमचं नशीबच भरलं आहे त्यात.” तो हसला, वामनराव हसले नाहीत. आत ऋचा जमिनीवर बसून एक पडदा गोधडीत बांधत होती. तिने वर पाहिले आणि पहिले तिच्या तोंडून निघाले ते एवढेच, की बाबा, चष्मा कुठे आहे? दुकानात राहिला, असे त्यांनी सांगितले. तिने मान हलवली. वाटेत जुळवून आणलेली वाक्ये वामनरावांनी एका दमात म्हणून टाकली. त्यांना आजच कळले होते; त्यांचे माप आणि त्या दुकानाचे माप वेगळे होते; ते आत्ताच्या आत्ता तिनाचे पाच करतात, सगळ्या मुलांना सांगतात, सांजेपर्यंत सगळे तारे बदलून होतील, कंपनीला ते स्वतः पत्र लिहितील. त्यांचा आवाज चिरकला आणि तो चिरकला हे त्यांना ऐकू आले. ऋचाने गोधडीची गाठ मारली.

“पाच कशासाठी?” तिने विचारले.

“तुमच्या बाजारात चांगल्याला पाच म्हणतात.”

“म्हणजे चांगला आहे?”

कल्पना अभिनव आहे, असे वामनराव म्हणू लागले, पण तिने हळूच हात वर केला. ते मी वाचले आहे, मला पाठ आहे, असे ती म्हणाली. मग ती त्यांच्याकडे वळली. चष्मा नसल्यामुळे तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्यांना दिसत नव्हते.

“बाबा, तुम्ही नदी ओलांडली?”

मिलच्या पत्र्यावर कावळ्यांची नखे वाजत होती. वामनरावांनी खोक्याची कड घट्ट धरली.

“तुमचा बैल नदीपर्यंत येतो,” ती म्हणाली. “दोन पावलं पाण्यात टाकतो, मग तुम्ही निघून जाता. दर वेळी. इथून दिसतं मला. पुरा पेपर न वाचता गुण देणाऱ्या मास्तरांना तुम्ही काय म्हणत होता, आठवतं? त्या एकाची तर तुम्ही तक्रार केली होती.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना सहन होईना. “तीन दिले म्हणून मला काहीच वाटलं नाही. एक दिला असता तरी चाललं असतं. पाहून दिला असता तर.”

आज पाहतो, असे ते म्हणाले. ते शब्द इतके दुबळे होते की त्यांनी ते पुन्हा म्हटले. दिवे लागायला अतुल यंत्र बंद करेल, ती म्हणाली. तोवर पाहतो, ते म्हणाले. तिने दुसरी गोधडी ओढून घेतली. दाराबाहेर येईपर्यंत त्यांना वाटत होते की मागून हाक येईल, निदान जपून जा, उंबरा आहे, एवढे तरी. पण उंबरा त्यांना स्वतःच्या पायाने चाचपूनच ओलांडावा लागला. नदीबद्दल वजा केलेला तारा त्यांनी कापलाच नव्हता. तो त्यांनी आपल्या थकलेल्या बोटांपायी, आपल्या उतावळेपणापायी लंपास केला होता आणि त्यावर कारणाची पावती चिकटवून दिली होती. सुनीतीबाईंनी न पाहता पाच दिले. त्यांनी न पाहता तीन दिले. फरक इतकाच, की सुनीतीबाईंच्या लबाडीत माया होती.

घरापर्यंत अतुलने मोटारसायकलवर सोडले. वाटेत तो इकडचे तिकडचे बोलत होता, उमरखेडला आई एकटी आहे, तिथेच आता काहीतरी दुकान पाहतो वगैरे. वळणावर वेग कमी करून तो किंचित मागे वळला. “काका, एक सांगू का? रागावू नका. माणसं यायचे बंद झाले न, तवापासून कोणी एकटं आलं का ऋचा सोता त्याच्या जोडीले लागते. कोणाचा बैल एकटा उभा राह्यलेला तिले पाहवत नाई. झोपत नाई मंग.” वेग पुन्हा वाढवत तो म्हणाला, “अन् तुमच्या जोडीले त पहिल्या दिवसापासून ऋचाच होती. दुसऱ्या कोणाले लागूच नाई दिलं तिनं.”

वामनरावांनी गाडीच्या मागच्या दांडीला घट्ट धरले. जोडीला येणारा खेळाडू वारंवार अडून बसतो. हा रचनेचा दोष मानावा लागेल.

घरी सुनीतीबाईंनी चहाचे विचारले ते त्यांना कळले नाही. कपाटातला जुना, एका दांडीला दोरा बांधलेला चष्मा त्यांनी शोधून काढला आणि बैठकीत कड्यांना टांगलेल्या बंगईवर, त्या लाकडी झोपाळ्यावर, डाव्या कडेला, फोन घेऊन ते बसले. कडीचा ओळखीचा आवाज झाला. उन्हाची तिरीप भिंतीवरच्या खुंट्यांपर्यंत चढलेली होती. ती छताला टेकली की दिवेलागण. पडद्यावर त्यांचा बैल आला, जुवाच्या डाव्या बाजूला, आणि उजवी बाजू रिकामी. ‘जोडीदाराची वाट पाहत आहे.’ हे वाक्य त्यांनी पूर्वी अनेकदा वाचले होते आणि दर वेळी ते कर्त्यावाचून आहे अशी मनातल्या मनात नोंद केली होती. आज ती नोंद करायचे राहून गेले. ऋचा येणार नाही. तिने का यावे? पडदे बांधून झाले असतील. तिरीप खुंटीच्या वर सरकली. आणि मग उजवीकडे दुसरा बैल येऊन उभा राहिला, नेहमीसारखाच, मान किंचित खाली घालून.

बोलता येत नाही अशा ठिकाणी ते पहिल्यांदाच काही बोलू पाहत होते. त्यांनी उगाच ओढले, गाडी कलली, उजवा बैल थांबला. तो कसा थांबतो हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. तो अडत नव्हता. तो पाय रोवून, गाडीचा सगळा कलता भार आपल्या खांद्यावर घेऊन, डाव्याची वाट पाहत होता. किती वेळा तो असा उभा राहिला असेल, आणि किती वेळा वामनराव चरफडत, पडदा मिटून, चहाला उठून गेले असतील. पांदण सरली, चढण सरली, नाला मागे पडला. नदीचे पाणी गढूळ, तळ न दाखवणारे. ओढू नये. हे काही करण्यापेक्षा कितीतरी अवघड होते. आयुष्यात त्यांनी कधी दुसऱ्याला आधी पाऊल टाकू दिले होते, हे आठवू गेल्यास आठवत नव्हते. ते थांबले. उजव्या बैलाने पाण्यात पाय घातला, चाचपला, तळ लागला, तो थांबला. मग त्यांनी एक पाऊल टाकले. मग तो. मग ते. गाडीचा कलंडण्याचा करकर आवाज आला नाही. पाणी पोटाला लागले, आणि उतरले.

पैलतीरावर नगारा वाजला नाही, अभिनंदनाची अक्षरे उमटली नाहीत. जू गळून पडले. उजवा बैल काही पावले चालून पडद्याच्या कडेला गेला आणि दिसेनासा झाला. तसेच रचलेले असावे. समोर एक गोठा होता. वामनरावांचा बैल आपोआप आत गेला. लांब दावण, दोन गव्हाणी, दोन्ही भरलेल्या. तो डाव्या गव्हाणीशी उभा राहिला. वामनरावांनी ओढून पाहिले. बैल हलला नाही. त्याला मध्ये आणण्याचा, मोकळ्या जागेत सरकवण्याचा त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, बोट दुखेस्तोवर; सगळी दावण मोकळी असूनही तो आपल्या अर्ध्यात उभा होता, आणि भरलेल्या गव्हाणीकडे त्याने मान वळवली नाही. मातीचा रंग विलक्षण खरा होता. महागावची ओसरी, हातातले पुस्तक, हाकेच्या अंतरावरचा तो गोठा. ऋचा, तू मला हे दाखवायला आणत होतीस. दर वेळी. पोचल्यावर मी पाहावे म्हणून.

पडद्यावर पाच रिकामे तारे उमटले. हा खेळ तुम्हांला कसा वाटला? ज्यांना या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आता प्रथमच अधिकार आला होता, त्या वामनरावांनी पहिला तारा दाबला, दुसरा दाबला, तिसरा दाबला. नदीचा चौथा त्यांनी दाबला आणि त्यांचे डोळे भरून आले. बोट पाचव्यावर गेले. भाषेच्या विषयाला पैकीच्या पैकी नसतात. पूर्णत्व माणसाच्या… ती मुलगी आहे म्हणून हात पुढे जातो आहे, की हात मागे राहतो आहे तो ती मुलगी आहे म्हणून? आज संतापाचा दिवस नसला तरी दुःखाचा आहे. दुःखाच्या दिवशी गुण द्यावेत का? आणि द्यावयाचे तर कारण काय लिहायचे? डावीकडचा बैल उभा होता, हे कारण होते का? ते कारण होते. तेच एक कारण होते. बोट काचेला टेकणार एवढ्यात पडदा काळा झाला.

त्यांनी पुन्हा दाबले. संपर्क तुटला आहे, असे अक्षरांत आले आणि तेही विझले. काळ्या काचेवर दोरा बांधलेल्या चष्म्याचा एक म्हातारा आणि त्याच्या मागे छताला टेकलेली उन्हाची तिरीप. लोहाऱ्यात अतुलने यंत्राची तार ओढली असेल. ऋचा गोधडीवर हात ठेवून बसली असेल. चार उमटले आणि पाचव्यापाशी बोट घुटमळत राहिले, हेही तिला तिथून दिसले असेल. की दिसले नसेल? हे विचारायला त्यांनी फोन कानाला लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, आणि थांबली.

सुनीतीबाईंनी देवाजवळ दिवा लावला आणि त्या बाहेर आल्या. मग बंगईच्या कडेला, एका मांडीवर तोल सांभाळून, नवरा किती टोकाला बसला आहे हे त्यांच्या लक्षात आले. शेजारची सगळी फळी रिकामी होती.

“अहो, मध्ये सरका न जरा. पडाल.”

“राहू दे,” वामनराव म्हणाले, आणि सरकले नाहीत.